दहा फुटी व्हायोलिन आणि काळा पडदा

व्हायोलिन दहा फूट रुंद ऐकू आलं आणि पियानो या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरला, असं अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' मासिकाने मे १९७० च्या अंकात छापलं. वाद्यं अवाढव्य होतात आणि खोलीभर भटकत राहतात, असाही शेरा त्यात होता. स्पीकर होता बोस ९०१. त्या दोन-चार वाक्यांवरून उभा राहिलेला खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल लागायला १९८४ चा एप्रिल उजाडला. स्पीकर ऐकून काय वाटलं, एवढ्याच गोष्टीचा इतक्या वरच्या कोर्टात कीस पाडला गेल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

अमर बोस हे बंगालमधून इंग्रजांच्या ससेमिऱ्यातून निसटून अमेरिकेला गेलेल्या नोनीगोपाल बोस या क्रांतिकारकाचे चिरंजीव. शिक्षण एमआयटीतलं, लहानपणी व्हायोलिन शिकलेले. १९५६ मध्ये प्रबंधाचं काम संपत आलं, तेव्हा स्वतःलाच बक्षीस म्हणून त्यांनी एक चांगली हाय-फाय सिस्टीम विकत घेतली. कागदावरचे आकडे उत्तम होते, पण व्हायोलिन काही केल्या व्हायोलिनसारखं वाजेना. पुढे बोस्टनच्या सिंफनी हॉलमध्ये मोजमापं झाली आणि दिसलं, की श्रोत्यापर्यंत पोचणारा बहुतेक आवाज भिंतींवरून आणि छतावरून परतून आलेला असतो. म्हणून १९६८ साली बाजारात आलेल्या ९०१ च्या प्रत्येक पेटीत नऊ ड्रायव्हरपैकी (ड्रायव्हर म्हणजे प्रत्यक्ष आवाज काढणारा भाग) एकच श्रोत्याकडे आणि आठ मागच्या भिंतीकडे तोंड करून बसवलेले होते.

कोर्टात कंपनीचं म्हणणं असं: आमचा आवाज दोन पेट्यांच्या मधल्या भिंतीलगत पसरतो, हे कबूल, खोलीभर हिंडतो, हे साफ खोटं. मासिकाच्या अभियंत्याने साक्षीत सांगितलं, की मलाही भिंतीलगतचीच हालचाल म्हणायची होती. खालच्या न्यायाधीशांना ते पटलं नाही. एवढा शिकलेला माणूस शब्द इतक्या ढिलाईने वापरणार नाही, अर्थात त्याने जाणूनबुजून खोटं लिहिलं, असं ठरवून त्यांनी कंपनीला सुमारे १,१५,००० डॉलर देववले. अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी अपील न्यायालयाची बाजू उचलून धरली. न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांच्या निकालपत्राचं सार असं, की ऐकलेली गोष्ट सांगताना नेमका शब्द न सापडणं वेगळं आणि ठरवून खोटं बोलणं वेगळं.

स्पीकर ऐकवण्याच्या व्यवसायात नव्याने येणाऱ्या मुलांना मी हा खटला पहिल्या आठवड्यातच सांगतो. आमच्याकडे माणूस येतो, कोचावर बसतो, पाच मिनिटं डोळे मिटतो आणि मग म्हणतो: कोंदट आहे. टोचतो. गोड आहे. उघडा आहे. भरीव नाही. हे शब्द खरे असतात, पण ते पेटीबद्दल आहेत, खोलीबद्दल आहेत, ध्वनिमुद्रणाबद्दल आहेत की किमतीच्या चिठ्ठीबद्दल, हे त्या माणसालाही सांगता येत नाही. लाखो रुपयांची जोडी घेताना तर नाहीच नाही. आणि तरी या क्षेत्रात अशी माणसं होऊन गेली ज्यांनी आपल्याच कानांवर पहारा बसवला. पेटीने आवाजाशी जुळवून घ्यायचं, आवाजाने पेटीशी नाही, एवढा एकच हट्ट त्यांनी धरला. त्यांच्या कामाच्या गोष्टी जाहिरातीत येत नाहीत. मला त्या जाहिरातींपेक्षा कितीतरी मोलाच्या वाटतात.

या हट्टाचं सगळ्यात शिस्तशीर रूप लंडनच्या दक्षिणेला सरे परगण्यात, किंग्सवुड वॉरन नावाच्या जुन्या हवेलीत पाहायला मिळायचं. बीबीसीचा संशोधन विभाग तिथे होता. रेडिओवाल्यांची गरज अगदी रोखठोक. स्टुडिओत निवेदक बोलतोय, काचेपलीकडे अभियंता त्याचा आवाज स्पीकरवर ऐकतोय. काही बिनसलं तर दोष मायक्रोफोनचा, स्टुडिओचा, की स्पीकरचा? स्पीकरच लबाड असेल तर अभियंता नसलेला दोष दुरुस्त करत बसणार आणि ती दुरुस्ती देशभर ऐकू जाणार. म्हणून तिथल्या लोकांची पहिली कसोटी कुठलीही सिंफनी नव्हती, माणसाचं बोलणं होती. सहकाऱ्याला बोलताना समोरासमोर ऐकायचं, दार उघडून बाहेर यायचं आणि लगेच तोच आवाज स्पीकरवर ऐकायचा. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. बोलणं ध्वनिमुद्रित करायचं असेल तर ते उघड्या मैदानात किंवा प्रतिध्वनी पूर्ण शोषून घेणाऱ्या खोलीत करायचं, म्हणजे ऐकताना एका खोलीवर दुसऱ्या खोलीचा मुलामा चढत नाही.

ही कसोटी मोठी क्रूर आहे. आपण जन्मल्यापासून माणसांची बोलणी ऐकत आलो आहोत. ऑर्केस्ट्रात दहावं व्हायोलिन कसं वाजायला हवं याची आपल्याला कल्पना नसते, पण ओळखीच्या माणसाला सर्दी झाली आहे हे फोनवरच्या एका 'हॅलो'वरून कळतं. स्पीकर हजार हर्ट्झच्या आसपास जरा फुगला की बोलणारा नाकात बोलू लागतो. खाली फुगला की पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा घुमतो, आणि वरच्या टोकाला उधळला की प्रत्येक 'स' आणि 'श' सुईसारखा टोचतो. याच विभागातल्या डी. ई. एल. शॉर्टर यांनी १९४० च्या दशकातच एक बारीक गोष्ट पकडली होती: मूळ सूर थांबल्यानंतर स्पीकर क्षणभर स्वतःचंच काही गुणगुणत राहतो. आलेखावर सरळ दिसणारा स्पीकर कानाला का खुपतो, याचं पुष्कळसं उत्तर त्या रेंगाळण्यात होतं.

या विभागातून निघालेला सगळ्यात नामांकित स्पीकर म्हणजे एलएस ३/५ए. उंची सुमारे ३० सेंटिमीटर, रुंदी १९, खोली १६. पुस्तकांच्या फळीवर मावेल एवढा. त्याच्या जन्माची कथा मला नेहमी विलक्षण वाटते, कारण त्याच्या मुळाशी स्पीकर बनवायचा विचारच नव्हता. बीबीसीचे अभियंते स्टुडिओच्या ध्वनिरचनेचा अभ्यास करण्यासाठी एक-अष्टमांश आकाराची प्रतिकृती बांधून तिच्यात प्रयोग करत होते. खोली आठपट लहान, म्हणून आवाजही आठपट वरच्या कंपनसंख्येला न्यायचा. म्हणजे हजार हर्ट्झचा सूर प्रतिकृतीत आठ हजारांचा होतो. इतक्या वरच्या आवाजाला हवेतली आर्द्रता खाऊन टाकते, म्हणून आतली हवासुद्धा कोरडी करावी लागायची. या खटाटोपासाठी ४०० हर्ट्झच्या वरचा आवाज स्वच्छ देणारा एक छोटा स्पीकर तयार झाला. तो इतका चांगला निघाला, की खालचे सूरही भरून काढले तर बाहेरच्या कार्यक्रमांचं प्रक्षेपण करणाऱ्या गाडीत वापरता येईल, असं वाटू लागलं. त्या गाडीत मोठा मॉनिटर मावत नाही आणि हेडफोनवर आवाजाचा तोल नीट कळत नाही.

मग खरी परीक्षा सुरू झाली. पहिल्या थोड्या जोड्या झाल्या न झाल्या, तोच ज्या केफ कंपनीकडून आतले ड्रायव्हर येत होते त्यांच्या उत्पादनात फरक पडला. जुना नकाशा जुळेना. १९७४ च्या सुमारास आराखडा नव्याने बेतला गेला आणि नावापुढे 'ए' लागला. डडली हारवुड, मॉरिस व्हॉटन आणि आर. डब्ल्यू. मिल्स यांचा अहवाल ऑक्टोबर १९७६ चा. तो मी अजूनही अधूनमधून काढून वाचतो. इतक्या लहान पेटीसाठी इतका विचार केलेला कागद विरळाच. भिंती जाड, दणकट करण्याऐवजी १२ मिलिमीटरच्या बर्च प्लायवूडच्या आणि आतून वजनदार थर चिकटवलेल्या. हारवुड यांचं म्हणणं असं, की जाड भिंतीचा थरथराट मधल्या सुरांत जाऊन बसतो आणि तिथेच कान सगळ्यात तिखट असतो. पातळ भिंतीचा थरथराट खाली सरकतो आणि आतला थर तो गिळून टाकतो. वरचे सूर देणाऱ्या ट्वीटरभोवती फेल्टची चौकट, कारण पुढच्या फळीवरून सरपटत जाणारा आवाज कडेवर आपटून परत येतो आणि चित्र पुसट करतो. आतल्या कोपऱ्यांतल्या पट्ट्या बीच लाकडाच्याच हव्यात, कारण दुसरं लाकूड घातलं तर ऐकू येण्याइतका फरक पडतो. ज्या पट्ट्या कुणाला कधी दिसणार नाहीत त्यांच्या लाकडाबद्दल हा आग्रह.

आणि एक चलाखीसुद्धा होती, ती कुणी लपवली नाही. पाच लिटरच्या पेटीतून खर्ज निघणार कुठून? म्हणून सव्वाशे हर्ट्झच्या आसपास आवाज जरासा उचलून दिला, म्हणजे खाली काही नाही हे कानाला जाणवू नये. पुरुषाचं बोलणं त्याने जरा भारदस्त होतं. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना हे खटकतं. मला खटकत नाही. पाच लिटरमध्ये निसर्गाशी तडजोड करायची तर ती माणसाच्या आवाजाच्या बाजूने करावी, हे मला पटतं.

बीबीसीने परवाने दिले आणि रॉजर्स, चार्टवेल, ऑडिओमास्टर, स्पेंडॉर, हार्बेथ, गुडमन्स, केफ अशा अनेकांनी ती पेटी बनवली. प्रत्येकाची पेटी एका प्रमाण पेटीशी ताडून पाहिली जायची. बेक्स्ट्रीन नावाच्या प्लास्टिकचा कोन असलेल्या केफच्या ड्रायव्हरचा गुण वर्षागणिक थोडा थोडा सरकत गेला, म्हणून १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ड्रायव्हरांना सूर वाटून देणारा क्रॉसओव्हर पुन्हा बेतावा लागला. जुना १५ ओहमचा, नवा ११ ओहमचा. यांतला कुठला सरस, यावर हाँगकाँगपासून मुंबईपर्यंत शौकीन रात्री जागवतात.

या कारखान्यांच्या नावांमागे घरं आहेत. बीबीसीत बेक्स्ट्रीनवर काम केलेले स्पेन्सर ह्यूज आणि त्यांच्या पत्नी डोरोथी, दोघांच्या नावांची पहिली अक्षरं जोडली की स्पेंडॉर. डडली हारवुड यांनी निवृत्तीनंतर १९७७ मध्ये काढलेल्या कंपनीत हारवुड आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांची नावं मिसळली: हार्बेथ. ह्यूज यांनी पहिले कोन घरीच बनवले. बेक्स्ट्रीनचा पत्रा विजेच्या हीटरवर मऊ करायचा आणि व्हॅक्यूम क्लीनरने हवा खेचून त्याला साच्यावर बसवायचं. त्यातून बीसी१ हा स्पीकर उभा राहिला. या यादीबाहेरची एक गोष्टही अशीच घरगुती आहे. समुद्रकाठच्या वर्दिंग गावात जॉन बॉवर्स विजेच्या वस्तूंचं दुकान चालवायचे आणि मागच्या बाजूला हौसेने स्पीकर जुळवायचे. त्यांच्या एका वयस्क गिऱ्हाईक बाईंना त्यांचं काम इतकं भावलं, की जाताना मृत्युपत्रात त्यांनी १०,००० पौंड बॉवर्स यांच्या नावे ठेवले. त्या पैशावर १९६६ मध्ये बी अँड डब्ल्यू कंपनी निघाली. १९७९ मध्ये आलेला तिचा ८०१ पुढे अ‍ॅबी रोड स्टुडिओत मॉनिटर म्हणून गेला. संगीत ऐकणाऱ्या एका बाईने जाता जाता केवढं काम करून ठेवलं!

खरा गायक आणि त्याची नक्कल शेजारी शेजारी उभी करायची ही कल्पना बीबीसीच्याही आधीची आहे. १९१५ पासून दहाएक वर्षं एडिसनच्या कंपनीने अमेरिकाभर असे जलसे केले. १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये मेरी रॅपोल्ड या गायिका फोनोग्राफशेजारी उभ्या राहून गायल्या. या जलशांत गाता गाता गायिका थांबायची, यंत्र गात राहायचं. कधी दिवे मालवायचे, आणि उजेड झाला की रंगमंचावर फक्त यंत्र. लोक थक्क व्हायचे. या जलशांतल्या अ‍ॅना केस यांनी पुढे म्हातारपणी सांगितलं, की यंत्राच्या आवाजाशी जुळेल असा आपला आवाज आपण सांभाळून लावत होतो. एडिसनच्या काळातलं यंत्र मोठं कौतुकाचं होतं, यात शंका नाही. पण त्या खेळात जुळवून घेण्याचं काम माणसाने केलं.

गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी तो खेळ उलटा मांडला. यॉर्कशरमधले हे कापडाचे व्यापारी. १९३२ मध्ये इल्क्ली गावातल्या घराच्या तळघरात त्यांनी स्पीकर बनवायला घेतले आणि कंपनीला आपल्या नदीखोऱ्याचं नाव दिलं, व्हार्फडेल. १९५४ मध्ये त्यांनी लंडनचा रॉयल फेस्टिव्हल हॉल भाड्याने घेतला. तीनेक हजार माणसांसमोर आधी जिवंत वादन, मग लगेच त्याचं ध्वनिमुद्रण. पुढच्या वर्षी कार्नेगी हॉल. ॲम्प्लिफायर होते क्वाडच्या पीटर वॉकर यांचे. दिवाणखान्यासाठी बनलेले स्पीकर एवढ्या मोठ्या सभागृहात उभे करायला छाती लागते. ब्रिग्ज यांच्या पेट्यांत प्लायवूडच्या दोन फळ्यांच्या मध्ये वाळू भरलेली असायची, थरथराट मारण्यासाठी. मला त्यांचा मोकळेपणा फार आवडतो: जिंकलो तर टाळ्या, हरलो तर हजारो साक्षीदार, आणि दोन्हींसाठी तिकीट लावलेलं.

वॉकर यांनी स्वतः १९५७ मध्ये क्वाडचा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर आणला. पेटी नाही, कोन नाही. हजारो व्होल्टने भारलेला, ताणून बसवलेला अतिशय पातळ पडदा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना जाळ्या. बोलण्याच्या कसोटीवर त्याच्या जवळपास पोचणारे स्पीकर आजही मोजकेच. ही विद्या आपल्याकडेही रुजली. पुण्याच्या केडन्स ऑडिओने इलेक्ट्रोस्टॅटिक पडद्याचे स्पीकर बनवले आणि ते परदेशातही गेले, याचा मला फार अभिमान आहे.

ब्रिग्ज यांनी मांडलेला जिवंत वादन आणि ध्वनिमुद्रण यांचा सामना अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी अधिक काटेकोर केला. त्यांच्या अ‍ॅकूस्टिक रिसर्च कंपनीचा एआर-३ हा १९५८ चा स्पीकर. फाइन आर्ट्स क्वार्टेट या चौघा वादकांबरोबर त्यांनी गावोगावी कार्यक्रम केले. वादक मध्येच वाजवणं थांबवायचे, पण गज हवेत फिरवत राहायचे आणि सूर स्पीकरमधून यायचा. बदल नेमका कुठे झाला, हे श्रोत्यांना पकडता येत नसे. यामागची मेख ध्वनिमुद्रणात होती. सभागृहात केलेलं ध्वनिमुद्रण त्याच सभागृहात वाजवलं तर तिथली आस, म्हणजे मागे रेंगाळणारा प्रतिध्वनी, दोनदा लागते, एकदा फितीवरची आणि एकदा भिंतींची. म्हणून या खेळाला आस नसलेलं, अगदी कोरडं ध्वनिमुद्रण लागतं. व्हिल्चर यांनी न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनवर एक खोलीही थाटली होती, तिथे कुणीही यावं आणि स्पीकर ऐकावेत. विक्री मुळीच नाही. आमच्या व्यवसायातल्या प्रत्येकाने ही खोली मनात ठेवावी.

इथवर सगळे कान उघडे ठेवून होते, पण डोळेही उघडेच होते. डोळ्यांचा बंदोबस्त केला तो फ्लॉइड टूल यांनी. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत, ओटावाला, त्यांनी वर्षानुवर्षं लोकांना पडद्याआडून स्पीकर ऐकवले. पडदा काळा, आवाज आरपार जाऊ देणारा. १९९१ मध्ये ते हार्मन कंपनीत गेले आणि तिथे शॉन ऑलिव्ह यांच्याबरोबर त्यांनी जो प्रयोग केला, तो १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. कंपनीतल्याच ४० जणांना चार स्पीकर ऐकवले, आधी पडद्याआड आणि नंतर डोळ्यांसमोर. समोर दिसू लागताच मोठ्या, देखण्या पेट्यांचे गुण वाढले आणि लहान, स्वस्त प्लास्टिकच्या संचाचे घसरले. आवाज तोच होता.

पण त्या प्रयोगातली मला हलवून सोडणारी गोष्ट वेगळीच आहे. स्पीकर खोलीत इकडून तिकडे सरकवला की आवाज खरोखर बदलतो, आणि पडद्याआड ऐकणाऱ्यांच्या गुणांत तो बदल स्पष्ट उतरला होता. पेटी दिसू लागली तेव्हा मात्र गुण पेटीला चिकटून राहिले आणि तीच माणसं जागेच्या बदलाला जणू बहिरी झाली. डोळ्यांनी नसलेलं ऐकवलं हे एक, पण असलेलं ऐकू येऊ दिलं नाही, हे त्याहून गंभीर.

कॅलिफोर्नियात नॉर्थरिजला हार्मनने पुढे अशी खोली बांधली, जिथे पडद्यामागे हवेच्या दाबावर चालणारी यंत्रणा एक स्पीकर मागे ओढते आणि दुसरा काही सेकंदांत नेमका त्याच जागी आणून ठेवते. आवाजाची पातळी सारखी केलेली असते आणि बहुतेक वेळा एकाच वेळी एकच पेटी वाजते, कारण जोडीने वाजल्यावर एकमेकींचे दोष झाकले जातात. ऐकवण्याच्या गाण्यांमध्ये ट्रेसी चॅपमन यांचं 'फास्ट कार' वर्षानुवर्षं आहे. भरदार आवाज आणि गिटार अगदी समोर. लपायला जागा नाही.

आवाजाची पातळी सारखी करणं ही गोष्ट बाहेरच्याला फार क्षुल्लक वाटते. आमच्या व्यवसायातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात वाईट युक्ती नेमकी तिथेच आहे. दोन स्पीकरांत एक जरासा, एखाद डेसिबलने मोठा असेल, तर ऐकणारा तो मोठा आहे असं म्हणत नाही. तो जास्त स्वच्छ आहे, जिवंत आहे असं म्हणतो. जो खपवायचा तो किंचित मोठा ठेवायचा, बस. एलएस ३/५ए एक वॅटला एक मीटरवर सुमारे ८३ डेसिबल देतो, आजचे कित्येक मोठे स्पीकर ८९ देतात. व्हॉल्यूमचं बटण तिथेच ठेवून अदलाबदल केली तर मोठ्या पेटीला चौपट वीज दिल्याइतका फायदा फुकट मिळतो. आमच्याकडे मीटर लावल्याशिवाय तुलना होत नाही. गिऱ्हाईक घाईत असलं तरी नाही.

आपल्या घरांचीही एक गोष्ट आहे. परदेशी परीक्षणं लिहिली जातात ती लाकडी जमिनीच्या, गालिचे घातलेल्या खोल्यांत. आपल्याकडे सिमेंटच्या भिंती, खाली फरशी, आणि खोली दहा बाय बारा. बारा फुटी लांबीची खोली ४७ हर्ट्झला घुमते, दहा फुटी रुंदीची ५६ ला. त्या सुरांवर स्पीकर कितीही गुणी असला तरी खोलीच वाजते. पुस्तकांनी भरलेलं कपाट, जाड पडदे, भिंतीपासून योग्य अंतर, यांनी जितका फरक पडतो तितका दुप्पट किमतीच्या स्पीकरने पडत नाही. हे ऐकून काही लोक निराश होतात, कारण ते खर्च करायला आलेले असतात.

आमच्या पुण्याच्या खोलीतला एक प्रसंग या सगळ्याशी जोडलेला आहे. बीबीसीची पद्धत आपल्या संगीताला लावून पाहायची, असं ठरवून आम्ही एका पहाटे, रहदारी सुरू व्हायच्या आत, गच्चीवर तंबोरा ध्वनिमुद्रित केला. उघड्यावर, म्हणजे खोलीची आस नाही. मग खोलीत पातळ काळं कापड ताणलं. त्यामागे एका बाजूला तोच तंबोरा घेऊन बसलेला विद्यार्थी, दुसऱ्या बाजूला स्पीकर. पडद्यापुढे बोलावलं मिरजेच्या एका वयस्क तंबोरा बनवणाऱ्यांना, आम्ही त्यांना चाचा म्हणतो. मिरजेच्या गल्लीत भोपळा आणि लाकूड जोडत, घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी लावत त्यांचं आयुष्य गेलेलं.

पट्टी होती काळी एक. जोडाच्या तारा १३८ हर्ट्झच्या आसपास, खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ ला. लहान स्पीकरला ६९ हर्ट्झ जेमतेमच जमतो. तरी खर्ज ऐकू येतो, कारण जवारीमुळे तारेतून वरच्या स्वयंभू स्वरांची अख्खी रांग उठते आणि त्या रांगेवरून मन मूळ सूर स्वतःच भरून घेतं. आम्हाला वाटत होतं, यात बरेचजण फसतील.

चाचांनी प्रत्येक वेळी बरोबर ओळखलं. कसं, म्हणून विचारलं, तर म्हणाले, "जवारी चांगली येतीय हो. सुटतीय बी चांगली. पण खर्ज नुसता ऐकू येतोय, बसत न्हाई." मग त्यांनी विचारलं, "पेटी भिंतीपासून किती लांब ठेवलीय?" आम्ही सांगितलं. "वीतभर मागं घ्या की."

घेतली. भिंत जवळ आली की खालच्या सुरांना तिची साथ मिळते, हे आम्हालाही माहीत होतं, पण खर्जाच्या तारेवरून पेटीची जागा लावायची हे आम्ही केलं नव्हतं. तंबोरा पुन्हा वाजला, मग स्पीकर. खर्ज आता बसला होता, पण चाचांनी मान हलवली. जोडाच्या तारा एकमेकींत मिसळायला लागल्या होत्या, त्यांच्यामधली फट बुजली होती. "जास्त झालं. चार बोटं पुढं." विद्यार्थी पडद्याआडून म्हणाला, "चाचा, तंबोरा उतरलाय थोडा, लावून घेऊ?"

"घे. आधी तो नीट लाव," चाचा म्हणाले. "पेटी मग बघू."